तांबडं शेवाळ

"शेळ्यांना न्यायचा होता पाला," आत्या म्हणाली.

"कुणाच्या शेळ्यांना?"

"आपल्या."

"आपल्या शेळ्या दिवाळीतच विकल्या की गं!"

"मग लोकांच्या. तू खाली बस आधी, होडी कलतीय."

मी बसले आणि बसताक्षणी काटा घुसला. होडीच्या तळाशी बाभळीचे काटे सांडलेले होते, हिरवे, नुकत्याच तोडलेल्या फांद्यांचे. आत्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे. आणि आमची शेवंताआत्या म्हणजे होडीत माशाचं एक खवलं पडलं तरी पाणी मारून धुणारी बाई. तिनं काटे तसेच ठेवले, म्हणजे काल ती घाईत होती. आणि शेळ्यांचं खोटं बोलली, म्हणजे घाई सांगण्यासारखी नव्हती.

तेव्हा मी आठवीत होते. आता दहावीत आहे, बऱ्याच गोष्टींत सुधारले आहे, पण त्या वर्षी मला आवरणं कठीण होतं. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते आणि जगात अशी एकही जागा नाही जिथं आपण बोलू नये, असं माझं ठाम मत झालं होतं. वर्गात बोलायचे, जेवताना बोलायचे, झोपेतही बोलते असं आई म्हणायची.

पाडवा नुकताच झाला होता. त्या दिवसांत धरणाचा फुगवटा मागं सरकायला लागतो, आमच्या वांगरवाडीच्या काठाला काळाभोर गाळ उघडा पडतो, लोक त्यात कलिंगडं लावतात आणि पुण्याहून गळवाले येतात. गळवाले हे आम्ही ठेवलेलं नाव. त्यांच्याकडं लांबलचक रॉड असतात, खिसेच खिसे असलेली जाकिटं असतात, आणि पेटी उघडली की आत रबरी बेडकांची जत्रा. एका रविवारी त्यांची स्पर्धा असते. प्रत्येक होडीत एक पाहुणा, एक वल्हवणारा आणि हातजाळं घेऊन मासा झेलणारा एक. जाळी टाकायची नाहीत, फक्त गळ. ज्याची मरळ सगळ्यांत मोठी तो जिंकला. मरळ जिवंत आणायची, काठावर वजन करायचं, फोटो काढायचा, परत पाण्यात सोडायची.

पाहुण्याला चषक. आणि होडीवाल्याला त्या वर्षी पहिल्यांदाच होडीचं इंजिन होतं.

ते काठावर लाकडी घोड्यावर ठेवलं होतं, झेंडूची माळ घालून. नवंकोरं. सगळे भोई त्याच्याभोवती नवरी बघायला आल्यासारखे फिरत होते. आत्या फिरली नाही. तिनं लांबूनच एकदा बघितलं आणि उजवा खांदा दाबला.

तो खांदा म्हणजे आमच्या घरातला रोजचा विषय होता. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गेल्यापासून आत्याच होडी चालवायची. पावसाळ्यात मासा काठाशी असतो तेव्हा भागायचं. पण चैत्र-वैशाखात पाणी लांब जातं आणि जाळी पार मधल्या खोल पाण्यात लावावी लागतात. तितकं वल्हवून आली की आत्याला डोक्यावरचा पदर सारखा करायलासुद्धा हात वर नेता यायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक उन्हाळा असं केलंत तर खांदा कायमचा जाईल. मग होडी विकायची आणि दुसऱ्याच्या कलिंगडात रोजानं जायचं. इंजिन मिळालं तर यातलं काहीच करायला नको होतं.

आणि मला ठाऊक होतं की सगळ्यांत मोठी मरळ कुठं आहे.

शिमग्याच्या आधी मी ती बाभूळखाचेत बघितली होती. बाभूळखाच म्हणजे जुन्या ओढ्याचं तोंड. तिथं पाण्यात बुडून मेलेल्या बाभळी उभ्या आहेत. मरळ श्वास घ्यायला वर येते. ही आली तेव्हा आधी मला लाकूडच वाटलं. सापासारखं डोकं, माझ्या अख्ख्या हाताएवढी लांब. मी धावत येऊन आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "बघितलीय मी. बोंबलत फिरू नको." मी बोंबलले नाही. फक्त रोज रात्री झोपताना ते इंजिन आमच्या होडीला लावून बघायचे.

आता दुसरा संशय सांगते, तो काट्यांहून मोठा होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी कलिंगडांना पाणी घालायला गेले, तेव्हा खाचेच्या तोंडाशी आत्या कमरेइतक्या पाण्यात उभी होती. आणि तिच्यासमोर कमरेइतक्या पाण्यात गजाकाका.

गजाकाका शेजारच्या आळीतला. जाळ्याच्या जागेवरून भांडण झाल्यापासून तो आणि आत्या एकमेकांशी बोलत नव्हते. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीतसुद्धा आत्या भिंतीकडं बघून म्हणायची, "कुणीतरी सांगा त्या माणसाला, त्याची होडी माझ्या खुंटीला बांधलीय." आणि तो छताकडं बघून म्हणायचा, "खुंटीवर काय नाव लिवलंय का, विचारा." आणि हे दोघं पाण्यात उभं राहून, माना जवळ घेऊन बोलत होते! शेवटी गजाकाकानं हात जोडल्यासारखं केलं. आत्यानं मान डोलावली.

घरी आल्यावर मी सहज विचारलं, "आत्या, कोण भेटलं होतं का गं आज?"

"कोण भेटणार? मासे."

स्पर्धा सुरू व्हायच्या वेळी सगळ्या होड्या ओळीत लागल्या. आमचे पाहुणे कर्णिक साहेब. पिकलेल्या मिशा, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर मागं फडकं लोंबणारी टोपी. मला म्हणाले, "तू जाळं धरणार? झेपेल का बेटा?"

"सर, मी बारा किलोचा कटला झेललाय."

"खरं?"

"सात किलोचा होता," आत्या म्हणाली. "आणि निम्मा मी धरला होता."

साहेब हसले. मी नाही हसले, कारण मी गजाकाकाकडं बघत होते. त्याची होडी ओळीच्या दुसऱ्या टोकाला होती. त्यानं टोपी काढून परत घातली. आणि आमच्या होडीत आत्यानं पदर काढून परत खोचला.

शिट्टी झाली. आत्यानं होडी वळवली, बाभूळखाचेच्या बरोब्बर उलट्या दिशेला.

"आत्या!" मी कुजबुजले. माझं कुजबुजणं निम्म्या होड्यांना ऐकू जातं. "खाच तिकडं आहे."

"तिकडं पाणी न्हाई. गाळात रुतंल होडी."

"काल तर तुझ्या कमरेइतकं होतं!"

तिनं वल्हं मारायचं थांबवलं नाही, पण माझ्याकडं बघितलं. मी बघितलं हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे मला कळलं. नंतर कितीतरी वेळ आम्ही दोघी बोललो नाही. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

ऊन चढत गेलं. उथळ पाण्यात रोहित पक्षी माना घालून उभे होते. आत्या अशा अशा ठिकाणी नेत होती जिथं बोटभर चिलापीशिवाय काही नसतं हे लहान पोरालाही माहीत. साहेब बेडूक फेकायचे, ओढायचे, पुन्हा फेकायचे. फेक मात्र सुरेख होती त्यांची. पाण्यावर पडलेला बेडूक खराच वाटायचा. त्यांच्या गळाला एकदा शेवाळ आलं, एकदा कुणाची तरी चप्पल.

"ताई," साहेब शेवटी म्हणाले, "राग मानू नका. मागच्या वर्षी माझ्या होडीवाल्यानं मला दिवसभर असंच फिरवलं होतं. मोठ्या माशाची जागा त्यानं दुसऱ्याला दिली होती. नंतर कळलं."

"तसलं माझ्याकडं न्हाई, साहेब."

"नाही ना? मग बरं." पण ते हसत नव्हते. त्यांनी मोबाइल काढला. त्यात उपग्रहाचा नकाशा होता. "ही इथं एक खाच दिसतेय. झाडं आहेत पाण्यात. मरळीला याहून चांगली जागा कोणती?"

आत्या वल्ह्यावरचं पाणी निथळू देत होती. "साहेब, एक इचारू? तुम्ही मासा परत सोडता म्हणे."

"नेहमी. आम्ही मारत नाही कधी. जसा घेतला तसा सोडतो."

"काठावर नेऊन, वजन करून, फोटो काढून."

"हो."

"आणि तवर त्याच्या घरी कोण बघतं?"

"कुणाच्या घरी?"

"काय न्हाई," आत्या म्हणाली.

आणि तेवढ्यात मला लांबवर गजाकाकाची होडी दिसली. सरळ खाचेकडं चालली होती. लपतछपत नाही, काही नाही, भर उन्हात, वल्ही जोरात मारत.

माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. काटे. कमरेइतकं पाणी. जोडलेले हात. टोपी आणि पदर. आत्यानं मरळ गजाकाकाला दिली होती. माझी मरळ! का दिली, कशाच्या बदल्यात दिली, ते मला समजेना, पण दिली होती. खांदा स्वतःचा, इंजिन दुसऱ्याला. मला इतका राग आला की डोळ्यांतून पाणीच आलं.

"आत्या, गजाकाका खाचेत चाललाय."

"जाऊ दे."

"जाऊ दे? तिथं ती मरळ आहे!"

साहेबांचं डोकं गर्रकन वळलं. "कोणती मरळ?"

आता मागं फिरायचा प्रश्नच नव्हता. "सर, या अख्ख्या पाण्यातली सगळ्यांत मोठी. मी स्वतः बघितलीय. नकाशात दाखवलीत ना, तीच जागा."

साहेब आत्याकडं बघत राहिले. आवाज चढवला नाही त्यांनी, तो चढवला असता तर बरं झालं असतं. "ताई, होडी तिकडं घ्या."

आत्यानं होडी वळवली. मीही दुसरं वल्हं घेतलं आणि मारायला लागले, छाती फुटेपर्यंत, कारण गजाकाका आधी पोचायला नको होता.

तो आधीच पोचला होता.

खाचेच्या तोंडाला बाभळीच्या हिरव्या फांद्या पाण्यात रोवलेल्या होत्या, कुंपणासारख्या. एका ठिकाणी होडी जाईल एवढी फट राहिली होती आणि त्या फटीत गजाकाकाची होडी आडवी उभी होती. त्याचा पाहुणा, एक तरणा पोरगा, टोपी तोंडावर घेऊन गाढ झोपला होता. रॉड मिटून बाजूला ठेवलेला. गजाकाका नुसता बसला होता. गळ नाही, घाई नाही. सोसायटीच्या दारात वॉचमन बसतो तसा.

हे माझ्या हिशोबात बसेना.

"वाट द्या जरा," साहेब म्हणाले.

"होडी रुतलीय, साहेब."

होडी लाटेवर मस्त डुलत होती. साहेबांनाही ती डुललेली दिसत होती.

"हर्षाली," आत्या खाचेतल्या बाभळीकडं बघत म्हणाली, "त्या माणसाला विचार, पाहुणं झोपलंय का मेलंय."

"सांग तिला," गजाकाका ढगाकडं बघत म्हणाला, "काल ढाब्यावर जरा जास्त झाली. दुपारपातूर उठत न्हाई. म्हणून तर ह्यालाच मागून घेतला."

मागून घेतला? झोपणारा पाहुणा कोण मागून घेतं?

साहेब उभे राहिले. होडी कलली. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि गजाकाकाच्या डोक्यावरून आत बघितलं. "ते लाल काय आहे तिथं?"

मीही बघितलं.

दोन मेलेल्या बाभळींच्या मध्ये पाण्यावर कुणीतरी कुंकवाचं ताट उपडं केलं होतं. परातीएवढा तांबडा गोळा. तो हलत होता. एका बाजूनं फुगायचा, दुसऱ्या बाजूनं आत जायचा, उकळल्यासारखा. हजारो जीव होते त्यात, नखाएवढे. त्यांच्याखालून एक काळं लाकूड सावकाश वर आलं, तोंड उघडून हवा घेतली, डुबुक, आणि परत पिल्लांच्या खाली जाऊन उभं राहिलं.

लेकुरवाळी.

आमच्यात लेकुरवाळ्या मरळीवर कुणी गळ टाकत नाही. लहानपणापासून ऐकत आले होते, पण बघितली कधी नव्हती. पिल्लं सांभाळणारी मरळ जवळ येईल त्याच्यावर झेप घेते. भूक असो, नसो. रबराचा बेडूक असो, लाकडाचा तुकडा असो. तिला पकडायला ना फेक लागते, ना कसब. आणि ती काठावर जाऊन, वजन होऊन, फोटो काढून परत येईपर्यंत आजूबाजूच्या चिलापी त्या तांबड्या ताटात काही शिल्लक ठेवत नाहीत.

मी आत्याकडं बघितलं. ओरखडलेले हात मांडीवर ठेवून ती माझ्याकडं बघत होती. गजाकाकाही ढगाकडचं बघणं सोडून माझ्याकडंच बघत होता. खांदे त्यालाही होते, त्यालाही इंजिन हवंच होतं. दोघांना ती मरळ ठाऊक होती आणि दोघांनाही एकमेकांचा भरवसा नव्हता, म्हणून तर काल पाण्यात उभं राहून बोलावं लागलं होतं. आणि आता त्या दोघांच्या मध्ये मी होते, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही अशी मी.

"बेटा," साहेब म्हणाले. रॉड त्यांच्या हातात होता. इतक्या अंतरावरून ते डोळे मिटूनही बेडूक टाकू शकले असते. "ते लाल काय आहे?"

"शेवाळ, सर," मी म्हणाले.

"लाल?"

"तांबडं शेवाळ. आमच्याकडं चैत्रात येतंच. गाळातून वर येतं." मग मला थांबता येईना. "अंगाला लागलं की खाजतं, सर. आमच्या वर्गातल्या एका मुलीला लागलं होतं, तिला परीक्षेला बसता आलं नाही. त्यात गळ अडकला की दोराच कुजतो. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी त्याच्यावर प्रकल्प करायला सांगितलाय."

"पण ते हलतंय."

"वाऱ्यानं."

"वारा पडलाय."

"खालून झरा आहे, सर."

डुबुक.

"आणि हा आवाज?"

"पाणसाप," मी म्हणाले. "या खाचेत फार आहेत. होडीतसुद्धा चढतात."

साहेब खाली बसले. बराच वेळ त्या तांबड्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं, मग आत्याच्या हातांकडं, मग पाण्यात रोवलेल्या हिरव्या फांद्यांकडं.

त्यांनी गळाचा बेडूक सोडवला आणि पेटीत ठेवला.

"चला," ते म्हणाले. "इथं काही नाही."

परत जाताना साहेब पाठ करून दुर्बिणीतून रोहित पक्षी बघत बसले. मी आत्याच्या कानाशी लागले. "मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर काल दिवेलागणीलाच वस्तीला कळलं असतं, आणि आज इथं सगळ्या होड्या उभ्या असत्या."

"मी इतकी काही..."

"हळू बोल."

काठावर वजनं सुरू होती. संपतनानाच्या होडीनं आणलेली मरळ पहिली आली. पिळदार होती, पण आमच्या खाचेतलीच्या पुढं तिचं पिल्लू शोभली असती. टाळ्या झाल्या, संपतनानाला फेटा बांधला. स्पर्धा भरवणारे गृहस्थ यादीवरून नजर उचलून म्हणाले, "शेवंताबाई, गजानन, तुमच्या दोघांच्याच होड्या रिकाम्या कशा? या काठावरचे सगळ्यांत जुने तुम्ही. काय भानगड आहे?"

सगळे वळून बघायला लागले. संपतनानाही.

"भानगड कसली," कर्णिक साहेब म्हणाले. "मी फेकण्यात कमी पडलो. या दोघींनी सगळीकडं फिरवलं मला. एका खाचेत थांबावं म्हटलं होतं, पण तिथं शेवाळ फार."

निघताना माझ्याजवळ थांबून ते बुटाची नाडी बांधायला वाकले. "शेवाळाला डोळे असतात," खालच्या आवाजात म्हणाले, "हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं." आणि गाडीकडं निघून गेले.

पोरांनी इंजिन उचलून संपतनानाच्या होडीला बसवलं. आत्या ते बघत होती. शेवटचा नट आवळेपर्यंत बघितलं तिनं. मग म्हणाली, "चल, उन्हं उतरली."

आम्ही निघालो. खांदा दुखतोय हे तिच्या वल्ह्यावरून कळत होतं, एका बाजूनं होडी सारखी वळत होती, म्हणून मी दुसऱ्या वल्ह्यावर बसले. मागून फटफटफट आवाज आला. फेटेवाले संपतनाना पाण्याचा फवारा उडवत आमच्या शेजारून गेले, हात हलवत. आमची होडी लाटेवर वरखाली झाली. आत्यानंही हात हलवला, डावा.

पुढं वळणापाशी तो आवाज अडखळला आणि थांबला.

पोचलो तर संपतनाना इंजिनची दोरी ओढत होते. ओढत होते, शिव्या घालत होते, पुन्हा ओढत होते. फेटा सुटून गळ्यात आला होता. टाकीत नुसतं दाखवण्यापुरतं पेट्रोल होतं, आणि नवं इंजिन लागलं म्हणून नानांनी वल्ही काठावरच ठेवून दिली होती.

आत्यानं दोर टाकला. आम्ही दोघी ओढायला लागलो, पण तीन वर्षं न हललेल्या म्हशीला ओढावं तसं होत होतं. मग दुसऱ्या बाजूनं गजाकाकाची होडी आली. त्यानंही दोर टाकला, नानांनी तो बांधला, आणि दोन होड्या मिळून इंजिनवाली होडी वांगरवाडीकडं निघाली.

"गजा, डावीकडनं धर," आत्या म्हणाली.

"धरलंय. तू खांदा संभाळ."

संपतनाना झेंडूच्या माळेशेजारी मुकाट बसले होते. ते एकदम ताठ झाले. एकदा आत्याकडं बघितलं, एकदा गजाकाकाकडं.

"आयला," ते म्हणाले, "तुम्ही दोघं बोलाय लागलाव कवापासनं?"

"कोण बोलतंय?" आत्या आणि गजाकाका एकदमच म्हणाले.

नाना डोळे बारीक करून माझ्याकडं वळले. "हर्षे, काय झालं गं आज तिकडं?"

मी तोंड उघडलं. आत्याची टाच माझ्या पायाच्या अंगठ्यावर आली. मी तोंड मिटलं आणि वल्हं मारलं.